येळवशीला आलेल्या बाटल्या

इराच्या नाकाची काळजी आमच्या घरात दिवाळीपासून होती.

इरा माझी नात, मुलाची मुलगी. पुण्यात परदेशी वाइनबद्दल लिहिणाऱ्या एका मासिकात ती कामाला आहे. वाइन चाखायची, तिचा रंग, वास, चव कशी ते लिहायचं आणि गुण द्यायचे. नांदेडच्या आमच्या कॉलनीत हे काम मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. विचारलंच तर ‘खाण्यापिण्याच्या वस्तूंचं परीक्षण करते’ म्हणते. त्यावर शेजारच्या लक्ष्मीबाई एकदा लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या होत्या, नातीचा शेरा हवा म्हणून. इरानं तो दिलाही. मीठ कमी पडलं म्हणाली. लक्ष्मीबाई पुढे आठ दिवस बोलल्या नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला. ताप उतरला, पण वास कळेनासा झाला. सुट्टी घेऊन ती माझ्याकडे आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाकाला रोज थोडा सराव द्या. मग सकाळी ती डोळे मिटून बसायची आणि मी तिच्या नाकाखाली एकेक वाटी धरायची. लवंग, लिंबाची साल, कापूर, भाजलेले शेंगदाणे. सुरुवातीला तिला काहीच कळायचं नाही. नंतर लवंगेला कापूर म्हणायची. डिसेंबर लागला तशी बरोबर सांगू लागली, पण मध्येच एखाद्या सकाळी सगळं पुन्हा पुसून जायचं.

तिचे संपादक रेणुकादास. माणूस वाईट नाही. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं, “घाई नाही इरा. पण नाक परत आलं नाही, तर तुला आत बसवावं लागेल. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायला.” आणि मग त्यांनी सहा बाटल्या पाठवल्या. जर्मनीत मोझेल नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यातल्या. सहाही एकाच बाईच्या मळ्यातल्या, एकाच वर्षाच्या. मळा इतका लहान की आपल्याकडे त्याला कुणी शेत म्हणणार नाही. हे परीक्षण इराच्या एकटीच्या नावानं छापून येणार होतं, पहिल्यांदाच. जमलं तर ती चाखणाऱ्यांत राहणार, नाही तर आत टेबलावर.

“तिथं फार थंडी, आजी,” ती मला समजावून सांगायची. “उतार एवढा उभा की माणसं घसरतात. जमीन म्हणजे काळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे. त्या थंडीत द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकून राहतो. त्या आंबटपणावरच ती वाइन उभी असते. तो मला ओळखता आला नाही तर मग काय उरलं?”

मी म्हटलं, “येईल ओळखता.” दुसरं काय म्हणणार?

बाटल्या नांदेडलाच उघडायच्या होत्या, पण खालच्या मजल्यावर रंगकाम निघालं. जिन्यात पाय ठेवला की तेलरंगाचा दर्प. इरा कासावीस झाली. तेव्हा मला सुचलं, येळवशीचा सण दोन दिवसांवर आला आहे, रेणापूरला जावं. तिथं माझं माहेर. धाकटा भाऊ शेषेराव आणि त्याची बायको महानंदा गावाबाहेर शेतातच घर बांधून राहतात. हवा स्वच्छ, शेजार नाही. लातूरपर्यंतच्या एसटीत बाटल्यांचं खोकं इरानं मांडीवर धरलं होतं. खड्डा आला की तिचे हात आवळले जायचे.

शेषेरावानं खोकं उघडल्याबरोबर एक बाटली उचलून उजेडात धरली. “आक्का, नात दारू घेऊन आली माहेरी. आता तुमची काय, लेझीम लावून मिरवणूक काढायची का?”

“मामा, ठेवा ती खाली,” इरा म्हणाली. बापाचं ऐकून ऐकून ती त्यांना मामा-मामीच म्हणते. “आणि ही पीत नाहीत. तोंडात घोळवून थुंकायची असते.”

“थुंकायची?” शेषेराव खाली बसला. “एवढ्या लांबून आणून? मग आमच्या गावातले दोघं-तिघं घे की कामाला. थुंकायची कटकटच न्हाई.”

महानंदा हसली नाही. तिला बाटल्यांची काळजी लागली होती. ती तशीच आहे. घरात आलेली वस्तू असो की माणूस, ती कुठे ठेवायची हे ठरेपर्यंत तिला चैन नसतं. माझ्या मुलाच्या लग्नात शिरा तळाला लागला होता, त्याची माफी ती अजून मागते.

“काय असतं गं ह्यात?” तिनं विचारलं.

“द्राक्षाचा रस मामी. आंबवलेला. तुमची आंबील असते ना, तशीच समजा.”

“फ्रीजमधी ठेवू?”

“नको, नको. फ्रीजची थंडी बाधते त्यांना. आत खोलीत राहू द्या.”

महानंदानं मान डोलावली. इरानं धान्याच्या खोलीत फरशीवर खोकं ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडे ज्यांचं बालपण गेलं त्यांना हा सण सांगावा लागत नाही. आदल्या रात्री घरात कुणी झोपत नाही. चुलीवर भज्जी शिजते, म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हिवाळ्यातली मिळेल ती भाजी बेसनात. बाजरीचे उंडे, खीर, तिळाच्या पोळ्या. आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून मडक्यात ठेवायचं. पण हे दिवस कडाक्याच्या थंडीचे. थंडीत पीठ आंबत नाही. म्हणून मडकं चुलीच्या उबेला ठेवून वर घोंगडं पांघरायचं. आमची आई मडक्याला कान लावून ऐकायची आणि आत बुडबुडे बोलू लागले की म्हणायची, झाली. मी लहान असताना त्या मडक्याला घरात कुणाही माणसापेक्षा चांगलं पांघरूण मिळायचं.

आम्ही पोचलो ती हीच आदली रात्र. इरानं दहीभात खाल्ला. महानंदाचं तोंड उतरलं.

“येळवशीला आली आन् भज्जी न्हाई खाणार?”

“परवा खाते मामी. जिभेला आत्ता तिखट नको.”

“जीभ हाय का सोन्याची तार?” शेषेराव म्हणाला. “जपून बोल बरं पोरी, झिजंल.”

दुसऱ्या दिवशी सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारली होती, आत पांडव मांडले होते. चुन्यानं रंगवलेले पाच दगड. नैवेद्य झाला, शेषेरावानं शेताभोवती आंबील शिंपडली. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही, अशी रीत. जेवणावळ दुपार उलटेपर्यंत चालू होती. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागायची आणि देवणी बैलांच्या घुंगरांवरून कोण आलं ते कळायचं. आता मोटारसायकली. पण भज्जीचा वास तोच होता, निदान मला.

इरा धुरापासून लांब, हरभऱ्याच्या कडेनं फिरत होती. मी तिच्या मागे गेले. तिनं एक पान खुडून बोटावर चोळलं, चाटलं, आणि उभी राहिली.

“आजी, आंबट लागतंय. आणि वासही येतोय. ओल्या मातीसारखा. ही काय भानगड?”

“आंब म्हणतात तिला. हरभऱ्याच्या पानांवर असते. आई पहाटे धोतराचा तुकडा फिरवायची त्यावर, पिळून बाटलीत भरायची. पोट दुखलं की चमचाभर.”

तिनं आणखी एक पान चाटलं. पुष्कळ दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. त्या रात्री मी निर्धास्त झोपले.

सकाळी उपाशीपोटी चाखायचं असतं, म्हणून दहाच्या सुमाराला तिनं मागच्या ओसरीवर टेबल मांडलं. पांढरा कागद, सहा पेले, थुंकायला पितळी तस्त. खोलीतून खोकं आणलं, बाटल्या विहिरीच्या पाण्याच्या बादलीत बुडवून हव्या तेवढ्या गार केल्या. प्रत्येक बाटलीवर वेगळं चित्र होतं. होडी, घंटा, पान, पूल, असं काही. शेषेराव बाजारला गेला होता, तेही बरं. मी दाराशी पाटावर बसले, तिला दिसणार नाही अशी.

पहिला पेला तिनं फिरवला, नाकाशी नेला. पुन्हा नेला. तोंडात घेतलं, घोळवलं, थुंकलं. काही लिहिलं नाही. दुसरा. तिसरा. तिची मान खाली खाली जात होती. चौथ्याला ती थबकली, बराच वेळ पेल्यात नाक घालून राहिली. पाचवा, सहावा. मग परत पहिल्यावर आली. पुन्हा चौथ्यावर. पेले इकडून तिकडे सरकवताना काचेला काच लागून आवाज होत होता. मला तो सहन होईना.

“काय झालं गं?”

“संपलं आजी.”

मी उठून जवळ गेले. तिचे डोळे कोरडेच होते, आवाज मात्र खोल गेला होता.

“सगळ्या मऊ लागताहेत. शिजवलेल्या फळासारख्या. मुरंबा असतो ना, तसा वास. थंड खोऱ्यातली वाइन अशी असत नाही. अशी असूच शकत नाही. एक ही चौथी तेवढी जशी हवी तशी. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, ओला दगड. धारदार.”

“मग ती तरी कळली ना?”

“तेच तर. एका बाईच्या हातच्या, एका वर्षाच्या बाटल्या. एक अशी आणि पाच तशा कशा होतील? माझंच नाक येतंय आणि जातंय. चौथीच्या वेळेला होतं, बाकीच्यांना नव्हतं.” तिनं पेन खाली ठेवलं. “वाईट लिहिलं तर त्या बाईचं नुकसान. चांगलं लिहिलं तर ते खोटं. मी सरांना फोन करते. आत बसवा म्हणते.”

“थोडं थांब. दुपारी पुन्हा बघ.”

“दुपारी तरी हे नाक माझं असेल, असं कोण सांगतं?”

मी तिचा पेला नाकाशी नेला. मला गोडसर, आंबट काहीतरी वास आला. त्यातलं बरोबर काय, चूक काय, मला काय कळणार? पंचवीस वर्षांच्या मुलीचं सगळं शिक्षण त्या पेल्यात होतं आणि तिच्यासाठी मला काहीही करता येत नव्हतं. तिला पाणी आणते म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

महानंदा भाकरीचं पीठ मळत होती. तिनं मान वर केली, चेहऱ्यावर कौतुक.

“आक्का, कशी झाली पोरीची ती आंबील? चांगली आंबली का?”

“का गं?”

“न्हाई, मी लई ऊब दिली तिला. दोन रात्री. तीच म्हणली ना थंडी बाधते म्हून. त्या खोलीतली फरशी म्हंजे नुसता बरफ. आपल्या मडक्याशेजारी चुलीच्या कडंला दुरडीत ठेवल्या बाटल्या, वरून घोंगडं टाकलं. येळवशीची चूल, ईझली कुठं? आज सकाळी उठून पयल्यांदा परत खोक्यात घालून ठेवल्या, तिला कळू दिलं न्हाई.”

माझ्या हातातला तांब्या मी ओट्यावर ठेवला. थंड खोऱ्यातली ती वाइन आमच्या चुलीपाशी दोन रात्री शिजली होती. पोरीचं नाक खोटं बोलत नव्हतं. पण चौथी? चौथी मग तशी का?

“सगळ्या ठेवल्यास?”

“एक मावली न्हाई दुरडीत. ती तशीच ऱ्हायली खोलीत, गारठ्यात. मला लई वाईट वाटलं तिचं.”

“कोणती?”

“कारल्याच्या पानाचं चित्र हाय बघा, ती.”

द्राक्षाचं पान. मी ओसरीकडे बघितलं. चौथ्या पेल्यामागे कोणती बाटली होती ते इथून दिसत नव्हतं. इरा फोन घेऊन विहिरीकडे निघाली होती. तिथंच रेंज येते.

मी महानंदाकडे पाहिलं. सांगितलं तर ही बाई उरलेलं आयुष्य त्या बाटल्यांची माफी मागत बसणार, आणि शेषेराव तर गावभर टाळ्या देत सांगणार. नाही सांगितलं तर तिकडे पोर स्वतःच्या हातानं स्वतःला आत बसवून घेणार. विचार करायला वेळ नव्हता.

“महानंदा,” मी म्हटलं, “त्यांना ऊब नको होती गं. उबेनं बिघडतात त्या.”

तिचे हात पिठात तसेच राहिले. “पर तीच म्हणली…”

“तू नाही चुकलीस. पण ती आता फोन करायला निघालीय की माझं नाक गेलं, मला हे काम नको. तिला वाटतंय चूक तिची आहे.”

महानंदा माझ्या आधी दाराबाहेर पडली. पिठाच्या हातानं, अनवाणी, ती विहिरीकडे अशी धावली की मला तिला गाठता येईना. मी पोहोचले तेव्हा ती इराच्या समोर उभी होती आणि इराचा फोन कानाला होता.

“ठेव तो खाली. ठेव आधी. मी चुलीपाशी ठेवल्या तुझ्या बाटल्या. मी.”

इराला काही कळलं नाही. पलीकडे नुसती रिंगच वाजत होती, तिनं फोन बंद केला. महानंदानं सगळं सांगितलं. दुरडी, घोंगडं, मडकं.

“मामी, पुन्हा सांगा.”

महानंदानं पुन्हा सांगितलं. तिच्या गालाला पीठ लागलं होतं.

“आणि जी दुरडीत मावली नाही ती?”

“पानाची. कारल्याच्या पानाची.”

इरा वळली आणि ओसरीकडे चालत गेली, पळत नाही, चालत, जणू जोरात पाऊल टाकलं तर काहीतरी सांडेल. चौथ्या पेल्यामागची बाटली तिनं उचलली. लेबल आमच्याकडे केलं. पान होतं.

महानंदा खाली बसली. “माझ्यानं पोरीचं काम गेलं की हो आक्का.”

“मामी, काम गेलं की नाही ते अजून ठरायचंय,” इरा म्हणाली. “पण नाक गेलं नाही.” असं म्हणून ती बाटली हातात धरून तिच्या शेजारीच टेकली.

फोन करावाच लागला, आता दुसऱ्या कारणासाठी. विहिरीच्या कठड्याजवळ इरानं स्पीकर लावला. तिनं काही लपवलं नाही. रेणुकादासांचा आवाज थंड होता.

“नमुने तुझ्या ताब्यात होते.”

“हो सर.”

“आणि घरच्यांनी ते चुलीजवळ ठेवले.”

“मीच त्यांना सांगितलं की ही आंबील आहे. आणि थंडी चालत नाही म्हणाले. त्यांनी आंबिलीला जे करतात ते केलं.”

“आंबील म्हणजे?”

तिनं सांगितलं. मग ते म्हणाले, “ऊब लागली हे तुला आधी कळलं, की वाइन बिघडलीय हे आधी कळलं?”

“बिघडलीय हे आधी. पण मला वाटलं मीच बिघडलेय.”

“साक्षीला कोण?”

इरानं फोन माझ्यापुढे धरला. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवलं, तशीच सावकाश बोलले. “तिनं चौथी बाटली वेगळी काढली तेव्हा तिला काही माहीत नव्हतं,” मी म्हटलं. “मलाही नव्हतं. मला नंतर स्वयंपाकघरात कळलं.”

“आजी नातीच्याच बाजूनं बोलणार,” ते म्हणाले. रागावून नाही, पण म्हणाले. “इरा, सोमवारी ये. मी पाच पेले भरून ठेवतो. त्यातली एक वाइन मी मुद्दाम तापवलेली असेल. ओळख. मग बघू.”

सोमवारपर्यंत मी नांदेडला परत आले होते. रंगाचा दर्प ओसरला होता. सकाळपासून महानंदाचे फोन सुरू. “आला का?” “नाही.” “मग मी ठेवते, तुमची लाइन लागू द्या.” आणि थोड्या वेळानं पुन्हा तीच. देवापुढे बसले तरी जप मोजता येईना. लवंग, कापूर, लिंबाच्या वाट्या अजून कपाटात होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

दुपारी इराचा फोन आला. आवाजावरून काही कळेना.

“आजी, पाच पेले होते. मी पाचही बघितले. पुन्हा बघितले. एकही तापवलेला वाटेना. मला दरदरून घाम फुटला. सर म्हणाले होते एक आहे. मग असणारच ना? वाटलं, कोणतातरी सांगून टाकावा, पाचात एक बरोबर निघेलच.”

“मग?”

“मग सांगितलं, यातला एकही नाही.”

मी पलंगाची कड धरली. “मग गं?”

“नव्हताच आजी. त्यांनी एकही तापवला नव्हता.”

इरा पुढे सांगत होती. ती चाखणाऱ्यांतच राहिली. पानाच्या बाटलीचं परीक्षण तिच्या नावानं छापणार. खाली एक ओळ असणार, की बाकीच्या पाच बाटल्यांना परीक्षकाच्या घरी उष्णता लागल्यामुळे त्यांना गुण दिलेले नाहीत. ती ओळ सरांनी तिच्याकडूनच लिहून घेतली आणि वर चांगलं झापलंही.

मी महानंदाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं, हळूहळू, पाचही पेले.

“म्हंजे काम ऱ्हायलं?”

“राहिलं.”

“माझं नाव न्हाई ना टाकलं छापून?”

“नाही. घरी, एवढंच आहे.”

“हाव, तेवढं चालतंय.” ती थांबली. मागे शेषेराव काहीतरी बोलत होता, तिनं त्याला गप्प केलं. “आन् त्या बाईचं? जिच्या पाच बाटल्या वाया गेल्या?”

“तिला कळवलंय. ती दुसऱ्या पाठवणार आहे.”

“कुठं?”

“पुण्याला.”

“बरं झालं,” महानंदा म्हणाली. “इकडं पाठवू नका म्हणावं. आता काय गार ठेवायचं आन् काय गरम, मला रातभर झोप लागायची न्हाई.”